पिंपल, ऊन आणि खपल्या : सक्करदऱ्याच्या एका भाजीविक्रेतीचं प्रकरण

रुग्ण ४२ वर्षांच्या, नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या बाजारात भाजीचं दुकान लावणाऱ्या. ओळख पटू नये म्हणून नाव आणि घरचे तपशील गाळले आहेत. पहाटे कॉटन मार्केटातून माल उचलायचा आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ताडपत्रीखाली बसायचं, अशी वर्षानुवर्षांची रीत. एप्रिलच्या अखेरीस त्या त्वचारोग विभागात आल्या, तेव्हा चेहरा दुपट्ट्यात गुंडाळलेला होता. टेबलावर पिशवी उपडी केली, तर आठ-दहा मलमांच्या ट्यूबा निघाल्या. काही अर्ध्या दाबलेल्या, काही टोकापर्यंत गुंडाळून संपवलेल्या.

"मॅडम, हे पिंपल हायेत का उन्हाचं हाये, ते मले कोनीच धड सांगत नाही. उन्हात बसली का आग आग होते. घरी येऊन कूलरसमोर बसली तरी कमी नाही होत."

सुरुवात दिवाळीच्या सुमारास झाली होती. नाकाच्या बाजूला आणि कपाळावर खाजणारे डाग उठले. पहिल्या डॉक्टरांनी मुरूम म्हणून जेल दिलं, त्याने जळजळ झाली आणि साल निघाली. होळीनंतर ऊन तापलं तसे डाग गालांवर पसरले, म्हणून दुसरीकडे "उन्हाची ॲलर्जी" ठरली. सनस्क्रीन, खाजेची गोळी आणि आणखी एक मलम मिळालं. शेवटी औषधाच्या दुकानातून, कुणाच्याही चिठ्ठीशिवाय, स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब आली. तिने मात्र आराम पडला. आठ-दहा दिवस चेहरा निवळला, लावणं थांबवताच दुप्पट उसळला, पुन्हा लावली, पुन्हा निवळला. हे चक्र दोन महिने चाललं.

या आरामानेच सगळ्यांची दिशाभूल केली. स्टेरॉइड मलमाने त्वचेची जवळपास कुठलीही सूज काही दिवस दबते, मग ती ॲलर्जीची असो, ल्युपसची (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) असो की फोडांच्या आजाराची. आराम पडला म्हणून निदान बरोबर, हा हिशेब स्टेरॉइडच्या बाबतीत कधीच चालत नाही. २०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमं अनुसूची एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकायची नाहीत. तरीही माझ्या ओपीडीत अशा ट्यूबा रोज पिशव्यांतून बाहेर पडतात, आणि दर वेळी माझा जीव तुटतो. त्या ट्यूबेने आजार बरा होत नाही आणि झाकलेला राहतो, त्यात रुग्णाचे महिने जातात.

तपासणी

आधी चेहरा साध्या पाण्याने धुवायला सांगितला. पावडर, मलम आणि घामाचा थर असताना त्वचा वाचता येत नाही. धुतल्यावर दोन्ही गाल, नाक आणि कपाळावर जांभळट-तपकिरी चट्टे दिसले. सावळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही. पुस्तकातली गुलाबी चित्रं डोक्यात ठेवून पाहणाऱ्याची इथे हमखास फसगत होते. चट्ट्यांवर मक्याच्या पोह्यांसारखे पापुद्रे होते, एका कडेने चिकटलेले आणि दुसरीकडून उचललेले. गालांवर बारीक लव वाढलेली आणि सूक्ष्म रक्तवाहिन्या फाकलेल्या. ही त्या ट्यूबेची कमाई.

मग सिस्टरना सोबत घेऊन पडदा ओढला आणि ब्लाउज उतरवायला सांगितलं. ताई संकोचल्या. "तोंडाचं दाखवायले आली ना मी," म्हणाल्या. पण निदान तिथेच, ब्लाउजखाली होतं. दोन खांद्यांच्या मधोमध आणि छातीच्या मध्यभागी तसेच खपलीचे डाग, आणि डोक्यात केसांच्या मुळाशी जाड खपल्या, ज्यांना त्या कोंडा समजत होत्या. आधीच्या कुठल्याही भेटीत कुणी पाठ पाहिली नव्हती.

डाव्या खांद्याच्या मागे, ब्लाउजची शिवण घासते तिथे, एक ताजा फोड सापडला. मसुरीएवढा, लुळा, आत स्वच्छ पाणी. बोट टेकवताच तो फुटला आणि खाली ओलसर लाल जागा उरली. शेजारच्या धडधाकट दिसणाऱ्या त्वचेवर अंगठा टेकवून बाजूला रेटला, तर वरचा पातळ थर सरकला. याला निकोल्स्कीचं लक्षण म्हणतात.

तोंडात, डोळ्यांत आणि गुप्तांगाला एकही जखम नव्हती. हाताचे पंजे आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग, जो दिवसभर उन्हात असतो, तो अगदी स्वच्छ. ही न दिसलेली गोष्ट दिसलेल्या खपल्यांइतकीच मोलाची होती.

काय काय असू शकलं असतं

मुरूम म्हणायचं तर कळ्या हव्यात, म्हणजे केसाच्या छिद्रात अडकलेले काळे-पांढरे ठिपके. कळी नसेल तर ते मुरूम नव्हे, किमान आधी शंका तरी घ्यावी. ताईंच्या चेहऱ्यावर एकही कळी नव्हती. शिवाय मुरमाची पुळी पापुद्रे सोडत नाही. रोझेशियात चेहरा तापतो आणि लालसर पुळ्या येतात, पण पाठीवर खपल्या नसतात.

उन्हाच्या ॲलर्जीचा नेहमीचा प्रकार, म्हणजे पॉलिमॉर्फस लाइट इरप्शन, आपल्याकडे खूप दिसतो. ऊन लागल्यावर काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी हाताच्या बाहेरच्या बाजूला आणि मानेवर खाजरे बारीक दाणे उठतात आणि ऊन टाळलं की आठवडा-दोन आठवड्यांत बसतात. ताईंचे हात कोरे आणि ब्लाउजखालची पाठ मात्र सोललेली, हा नकाशा त्याच्याशी जुळत नव्हता. ऊन त्यांचा आजार भडकवत होतं यात शंका नाही. पण भडकवणारं आणि मूळ कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि "उन्हाचं आहे" हे उत्तर तिथेच चुकत होतं.

विदर्भात गाजरगवताचा विचार केल्याशिवाय चेहऱ्याची तपासणी पुरी होत नाही. हवेतून उडणाऱ्या त्याच्या कणांची ॲलर्जी हुबेहूब उन्हाच्या आजारासारखी दिसते. फरक ओळखायचा तो झाकल्या-आडोशाच्या जागांवरून. कण सगळीकडे पोचतात, म्हणून पापण्या, कानामागचा खळगा, हनुवटीखालची जागा आणि कोपराची घडी सुजते. ऊन तिथे पोचत नाही, म्हणून उन्हाच्या आजारात नेमक्या त्याच जागा सुटतात. ताईंच्या पापण्या आणि कानामागची त्वचा निर्मळ होती.

ल्युपसची धास्ती खरी होती. मध्यमवयीन बाई, गालांवर चट्टे, उन्हाने वाढ. सांधेदुखी, ताप, केसगळती, तोंडातले व्रण यांची विचारपूस केली, लघवी तपासली, ल्युपससाठीची एएनए ही रक्ततपासणी पाठवली, सगळं निरंक. पोर्फिरिया या उन्हाने फोड आणणाऱ्या आजारात फोड येतात ते हाताच्या पंजावर, आणि त्वचा जरा धक्का लागताच सोलते. राहिला कोंड्याचा इसब. त्याच्या जागा याच असतात, डोकं, नाकाच्या कडा, छाती आणि पाठीचा मध्य, पण त्यात फोड येत नाही आणि त्वचा सरकत नाही.

उरला तो पेम्फिगस फोलिएशियस, त्वचेवर फोड आणणारा एक आजार.

फोडांच्या आजारात फोडच का दिसले नाहीत

कारण फोड फार वर येतो. आपल्या वरच्या त्वचेतल्या पेशी डेस्मोग्लीन नावाच्या प्रथिनांनी एकमेकींना धरून असतात. डेस्मोग्लीन १ प्रामुख्याने वरच्या थरांत, डेस्मोग्लीन ३ खालच्या थरांत आणि तोंडाच्या अस्तरात. पेम्फिगसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवते. फोलिएशियसमध्ये रोख फक्त १ वर असतो. त्यामुळे त्वचा अगदी वरच्या निर्जीव थराच्या लगेच खाली फाटते. फोडाचं छत इतकं पातळ की कपड्याच्या घर्षणानेही ते टिकत नाही. रुग्ण आपल्यापर्यंत येतो तेव्हा हाती लागतात खपल्या. तोंडात मात्र डेस्मोग्लीन ३ शाबूत असतं, ते एकटं पेशींना धरून ठेवतं, म्हणून तोंड स्वच्छ राहतं. भारतात जास्त आढळणाऱ्या पेम्फिगस व्हल्गॅरिसमध्ये उलटं होतं. त्यात बहुतेक वेळा आधी तोंडात न भरणारे व्रण येतात आणि रुग्ण कित्येक आठवडे "उष्णता झाली" म्हणून गुलकंद खात राहतो.

अतिनील किरणांनी ही तुटातूट वाढते. घाम आणि घर्षण त्यात भर घालतात. दिवाळीत सुरू झालेला आजार होळीनंतर का पसरला, याचं उत्तर इथे मिळतं.

फोड फुटला त्याच बैठकीत त्याचा तळ हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतला आणि गीम्सा रंग दिला. सूक्ष्मदर्शकाखाली सुट्या, गोल, मोठ्या केंद्रकाच्या पेशी दिसल्या. शेजारणींपासून सुटलेल्या पेशी अशाच दिसतात. ही झँक चाचणी फार थोड्या खर्चात होते आणि तासाभरात दिशा देते. नव्या फोडाच्या कडेचा एक तुकडा बायोप्सीसाठी फॉर्मॅलिनमध्ये पाठवला. दुसरा तुकडा, फोडाशेजारच्या साबूत दिसणाऱ्या त्वचेचा, इम्युनोफ्लुरेसन्ससाठी, म्हणजे त्वचेतली प्रतिपिंडं चमकवून पाहण्यासाठी, मिशेलच्या द्रावणात. इथे गफलत होते ती दोन्ही तुकडे एकाच फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकण्याची. मग दुसरी तपासणी वायाच. मिशेलचं द्रावण नसेल तर साध्या सलाइनमध्ये ठेवून दिवसभरात प्रयोगशाळेत पोचवावं. अहवालात पेशी-पेशींच्या मधल्या फटींत आयजीजी या प्रतिपिंडाची जाळीसारखी रेष होती. एलायझा या रक्ततपासणीत डेस्मोग्लीन १ विरुद्धची प्रतिपिंडं वाढलेली, ३ विरुद्धची नाहीत. निदान पक्कं झालं.

औषधांची चौकशी करताना कळलं की रक्तदाबासाठी त्या दोन वर्षांपासून एनालाप्रिल घेत होत्या. या गटातल्या औषधांनी, विशेषतः कॅप्टोप्रिलने, पेम्फिगस उद्भवल्याची उदाहरणं आहेत. त्यांचा आजार त्या गोळीनेच आला असं म्हणता येत नाही, पण संशयाला जागा कशाला, म्हणून फिजिशियनशी बोलून गोळी बदलून अम्लोडिपिन केली.

उपचार

स्टेरॉइड सुरू करण्याआधी शुगर, छातीचा एक्स-रे, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, यकृत-मूत्रपिंड आणि डोळ्यांचा दाब तपासला. विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं, आणि त्या आजारात स्टेरॉइडने वेदनांचा झटका येऊ शकतो, म्हणून सोल्युबिलिटीची तपासणीही केली. डॅप्सोन हे औषध द्यावं लागलंच तर जीसिक्सपीडी या एन्झाइमची कमतरता आधी कळलेली बरी, म्हणून तेही. सगळं ठीक निघालं.

५४ किलो वजनाला प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) ४० मिलिग्रॅम, रोज सकाळी नाश्त्यानंतर एकदाच. सोबत प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन ५० मिलिग्रॅम, रक्तातल्या पेशींवर नजर ठेवत पुढे १००. अझाथायोप्रिनचा परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर स्टेरॉइडने किल्ला लढवायचा आणि नंतर त्याचा डोस उतरवायचा. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व पहिल्या दिवसापासून. पाठीच्या डागांवर संसर्ग होता, पू तपासून प्रतिजैविक दिलं. खपल्या ओढायच्या नाहीत. पोटॅशियम परमँगनेटच्या अगदी फिक्या गुलाबी पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं ठेवून त्या आपोआप सुटू द्यायच्या. पाठ चादरीला चिकटत होती, म्हणून घरी गादीवर केळीचं पान अंथरायला सांगितलं. आमच्या वॉर्डात ही जुनी पद्धत आहे. पान गुळगुळीत आणि थंड असतं, ओल्या जखमेला चिकटत नाही.

आजार पसरलेला असता, तर डेक्सामिथासोन आणि सायक्लोफॉस्फामाइडचा पल्स दिला असता. ही पद्धत १९८० च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा यांनी बसवली. तीन दिवस सलाइनमधून औषध आणि दर २८ दिवसांनी पुन्हा. त्या पद्धतीने देशभरात असंख्य रुग्ण सावरले. आता रिटुक्सिमॅब, म्हणजे प्रतिपिंडं बनण्याची साखळी तोडणारं इंजेक्शन, हाही भक्कम पर्याय आहे. पेम्फिगस व्हल्गॅरिससाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली, फोलिएशियसमध्येही ते वापरलं जातं. ताईंना दोन्हींची माहिती दिली. दुकान बंद ठेवून सलाइनसाठी भरती होणं त्यांना जमणारं नव्हतं, आजारही गोळ्यांनी आवरण्याजोगा होता.

तीन आठवड्यांत नवे फोड थांबले. चेहऱ्यावर फक्त काळपट डाग उरले.

मग जूनमध्ये त्या घाबऱ्या होऊन आल्या. छातीवर, खांद्यांवर आणि पाठीवर पुळ्याच पुळ्या. "परत आलं मॅडम ते," म्हणाल्या. नणंदेने सांगितलं होतं की हे स्टेरॉइडनेच झालं, गोळ्या आजच बंद कर. नणंदेचं निम्मं बरोबर होतं. या पुळ्या एकसारख्या, एकाच वयाच्या होत्या, जणू सगळ्या एकाच रात्री उगवलेल्या. कळी एकही नाही, पापुद्रा नाही, त्वचा सरकत नव्हती. पोटातून स्टेरॉइड सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी येणारे मुरूम असेच असतात. पण ताईंना खाजही होती, आणि दिवस घामाचे. म्हणून एका पुळीतला पदार्थ केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर मॅलेसेझिया या यीस्टचे पुंजकेच्या पुंजके. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि नागपूरचा उकाडा एकत्र आले की ही बुरशी केसाच्या मुळात फोफावते. तिला मुरूम समजून आणखी प्रतिजैविक दिलं असतं, तर ती वाढली असती. आणि डॉक्सीसायक्लिन दिलं असतं, तर त्याने ऊन बाधतं, म्हणजे मूळ दुखणं अंगावर घेणं. बेंझॉइल पेरॉक्साइड आणि ॲडापलिन ही मुरमांची नेहमीची मलमं या नाजूक त्वचेला सोलून काढतात.

किटोकोनाझोलचा शाम्पू अंघोळीआधी पाठीला-छातीला लावून पाच मिनिटांनी धुवायचा, आणि सिंथेटिक ब्लाउज सोडून सुती. एवढ्याने खाज आठवड्यात गेली. पुळ्या स्टेरॉइडचा डोस उतरेल तशा बसल्या. गोळ्या अचानक बंद केल्या तर काय होतं, हे मात्र नणंदेला समोर बसवून समजावलं. काही आठवडे बाहेरून स्टेरॉइड मिळाल्यावर शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी ते बनवणं कमी करतात. औषध एकदम तोडलं तर चक्कर, उलट्या, रक्तदाब घसरणं, प्रसंगी जिवावर बेतणं. डोस फक्त पायरी पायरीने उतरतो.

ऊन

भाजीविक्रेतीला "उन्हात जाऊ नका" सांगण्यात काही अर्थ नाही. तिचं पोट उन्हातच आहे. म्हणून आम्ही दुकानाचाच विचार केला. नागपुरात सूर्य माथ्यावर येतो तो सव्वाबाराच्या आसपास, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात, नवतप्याच्या तोंडावर, तो अक्षरशः डोक्यावर असतो, सावली पायाखाली जाते. ११ ते ३ या वेळात मुलगा दुकानावर बसू लागला. पातळ निळी ताडपत्री जाऊन जाड दुहेरी आली, तीही पुढे वाकलेली. कारण अतिनील किरणं रस्त्यावरून आणि भिंतींवरून परतून सावलीतही येतात.

एक सवय मोडायला वेळ लागला. आपल्याकडे बाया दुपट्टा पाण्यात भिजवून तोंडाला बांधतात, गारवा वाटतो. पण ओल्या सुती कपड्यातून अतिनील किरणं कोरड्यापेक्षा जास्त आत शिरतात. गारवा हवा तर ओलं फडकं मानेवर, आणि चेहऱ्यावर कोरडा, दाट विणीचा, गडद दुपट्टा. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० च्या वरचं. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर मावेल इतकं, आणि घाम पुसला की पुन्हा. ते महाग पडतं, म्हणून उघड्या राहणाऱ्या जागांपुरतंच ठेवलं. बाकी काम कापडाचं. अझाथायोप्रिनमुळेही त्वचा उन्हाला हळवी होते, तेव्हा आजार शांत असला तरी ही बंधनं सुटणार नाहीत.

पोळ्यापर्यंत प्रेडनिसोलोन १५ मिलिग्रॅमवर आलं. ऑक्टोबरच्या उन्हात, घरातल्या लग्नाच्या धावपळीत आठवडाभर गोळ्या चुकल्या आणि छातीवर तीन नवे डाग उठले. डोस २० वर नेला, त्या डागांवर क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड मलम लावलं, दोन आठवड्यांत बसले. सध्या प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम आणि अझाथायोप्रिन १०० सुरू आहे, रक्ततपासणी दर दोन महिन्यांनी. पुढची एलायझा मार्चमध्ये, ऊन तापायच्या आधी. डेस्मोग्लीन १ विरुद्धच्या प्रतिपिंडांची पातळी तेव्हाही चढी असेल, तर डोस मे ओलांडेपर्यंत खाली आणायचा नाही आणि रिटुक्सिमॅबचा विषय पुन्हा काढायचा, असं ताईंशी आणि त्यांच्या मुलाशी बोलून ठरलं आहे.